जबड्याचं घर

रसूलभाई मणेर समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, हनुवटीकडे बघत. नवखा माणूस बिचके. तोंडाला काही लागलंय की काय म्हणून हात फिरवून बघे. मग रसूलभाई हसून म्हणत, "काय न्हाय पावणं, जबडा कुटं टेकतोय त्ये बघतोय." आम्ही कोल्हापूरला शाहूपुरीत त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्या दिवशी सामान उतरवून घेताना त्यांनी माझ्या वडिलांकडे असंच बघितलं होतं, आणि अण्णांनी लगेच उपरण्याचं टोक तोंडावर धरलं होतं. अण्णांच्या तोंडात तेव्हा एकही दात उरला नव्हता.

महाराजांनी वसवलेली ती पेठ तेव्हा नवी होती. गुळाच्या गाड्या, स्टेशनावरून येणारे टांगे, एका बाजूला अर्धवट भिंती आणि दुसऱ्या बाजूला उघडलेली दुकानं. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. लहानपणी विधवा झाले तेव्हा अण्णांनी मला पाटी दिली, पुढे शिकवलं आणि मास्तरीण केलं. घरात आम्ही दोघंच. आमची आणि रसूलभाईंची मधली भिंत एकच होती, आणि ती इतकी पातळ की पलीकडे कुणी पाणी प्यालं तरी कळावं.

मणेर म्हणजे बांगड्या भरणारं घराणं. त्यांचे वडील म्हणे बाईच्या मनगटाकडे बघतही नसत. पंजा नुसता दाबून कुठली बांगडी जाईल ते सांगत. ती बोटं रसूलभाईंकडे आली होती. तरुणपणी मुंबईला गेले ते बांगड्या विकायलाच, पण एका पारशी दंतवैद्याकडे प्लास्टर कालवायचं काम मिळालं, आणि तिथेच वर्षानुवर्षं राहून कवळ्या करायला शिकले. आई थकली म्हणून कोल्हापूरला परत आले आणि पुढच्या खोलीत दुकान थाटलं. न्हाव्याची असते तशी खुर्ची, खिडकीत गुलाबी मेणाच्या पट्ट्या, विलायती दातांची डबी आणि टेबलावर एक पितळी जबडा. वरचा साचा वरच्या तळीला, खालचा खालच्या तळीला बसवायचा आणि बिजागरीवर उघडझाप करून बघायची. कवळीची हिरडी गंधक घातलेल्या रबराची; ते रबर शिजवायच्या दिवशी अख्ख्या बोळाला गंधकाचा वास सुटे. त्या दिवशी त्यांची बायको जैतूनबी स्वतःची चूल मागच्या परसात नेई आणि नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नशिबाला नावं ठेवी.

लोकांना वाटे, कवळी म्हणजे दातांची रांग. पांढरी आणि सरळ असली की झालं. रसूलभाईंना रांगेचं फार अप्रूप नव्हतं. "दिसायला दात कुनीबी बशिवतंय," ते म्हणत. "वरचा दात खालच्याला भेटतोय कसा, ह्ये खरं काम हाय." दोन्ही बाजूंचे दात एका वेळी भेटले पाहिजेत. एक बाजू आधी टेकली तर दुसरी बाजू उचलते, कवळी डुलते, हिरडी सोलते. ते सांगताना ते जात्याचं उदाहरण देत: वरची तळी जरा कलली की पीठ भरड येतं आणि दळणारीचा खांदा भरून येतो. हे बायकांना लगेच पटे. पुरुषांना जातं कधी ओढलेलं नसे, त्यांच्यासाठी ते एक पाय आखूड असलेलं डुलणारं स्टूल हलवून दाखवत.

पण त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. दात गेलेल्या माणसाला "तोंड मिटा" म्हटलं की तो मिटत नाही. तो काहीतरी करून दाखवतो. कुणी जबडा पुढे काढतो, कुणी बाजूला नेतो. वर्षानुवर्षं हिरड्यांनी चावून जबड्याला वाईट सवय लागलेली असते. त्या खोट्या मिटण्यावर कवळी केली तर ती खोटीच होते. रसूलभाई वर आणि खाली मेणाच्या पट्ट्या बसवत, हनुवटीवर दोन बोटं नुसती टेकवत, आणि वाट बघत. जीभ मागे टाळूला लावायला सांगत, आवंढा गिळायला सांगत, कधी नुसतंच बोलत बसत. माणूस विसरला की जबडा आपोआप मागे सरकून आपल्या जागी येई. "घरी आला," ते हळूच म्हणत, आणि मेणावर खूण करत. "जबड्याला त्येचं घर ठावं अस्तंय, बाई. आपुन निस्ती वाट अडवायची न्हाय."

गणू वस्तादांचा जबडा काही केल्या घरी येईना. ते मुरगूडकडचे, एका तालमीचे वस्ताद. मान दाराएवढी, तोंडाचं मात्र बोळकं. खुर्चीत बसले तेच मांडीवर हात ठोकून. "रसूल, दात असं बसीव की सुपारी फुटली पायजे!"

"फुटंल की. आदी तोंड मिटा, वस्ताद."

वस्तादांनी समोर जोडीदार उभा असल्यासारखा जबडा पुढे काढला आणि मेण चेपून टाकलं. रसूलभाईंनी नवं मेण लावलं. तेही चेपलं. गिळा म्हटलं तर गिळणंही कुस्तीसारखंच. मी शाळेतून परत येत होते. दुकानाचं दार उघडं होतं आणि बघे जमले होते. रसूलभाईंनी बघ्यांना हाकललं, मी तेवढी दाराशी राहिले. ते समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वस्ताद. मेण गार हुईपतुर तुमची त्यी मिरजंची कुस्ती सांगा."

मग काय, वस्ताद सुटले. मेण तोंडात, त्यामुळे अर्धे शब्द कळत नव्हते, पण डाव कळत होते. पट काढला कसा, माती उडाली कशी, शेवटी तो मिरजेचा गडी चीत झाला कसा. "चांगला व्हता ओ गडी," वस्ताद म्हणाले. "म्होरल्याच साली गेला. पलेगात." आणि गप्प झाले. मोठं शरीर खुर्चीत सैल पडलं. त्यांनी आवंढा गिळला. रसूलभाईंची बोटं हनुवटीवर कधी गेली ते मला दिसलंही नाही. खूण झाली होती.

कवळी सुरेख बसली. वस्तादांनी चौथ्या दिवशी खरोखर सुपारी फोडली आणि एक दाढ उडाली. ती हातात घेऊन ते दुकानात आले तेव्हा रसूलभाई नुसतं म्हणाले, "अडकित्ता इकला का काय तुमी?"

अण्णांच्या दातांची गोष्ट मात्र एवढी हसण्यावारी जाणारी नव्हती. अण्णा निवृत्त हेडमास्तर. श्रावणात संध्याकाळी ओट्यावर पोथी वाचायचा त्यांचा जुना नेम. जुन्या घरी आळीतली माणसं ऐकायला जमत. शब्द असा स्वच्छ की लहान पोरालाही जोडाक्षर मोजता यावं. दात गेले आणि तो माणूस हळूहळू मुका झाला. माझ्याशीही मानेने बोलत. भात दुधात कालवून, भिंतीकडे तोंड करून जेवत. शाहूपुरीत आल्यावर पोथी फडक्यातून निघालीच नाही.

रसूलभाईंनी मला एकदा विचारलं, "अण्णा दुकानात का येत न्हाईत?"

"त्यांना चारचौघांत तोंड उघडायचं नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मेण, प्लास्टर आणि शेगडी घेऊन मागच्या दारानं आमच्याच घरी आले. अण्णांना तक्रारीला जागाच उरली नाही. महिनाभरात कवळी झाली. अण्णांनी भाकरी मोडून खाल्ली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

श्रावण आला. अण्णांनी पोथी काढली, ओट्यावर समई लावली. शेजारची पाच-सहा माणसं, काही मुलं. अण्णांनी पहिली ओवी म्हटली आणि दात खटकले. दुसऱ्या ओवीत पुन्हा. ‘स’ आला की टक, ‘च’ आला की टक. एक मुलगी फिदकन हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली, आणि ती चापटच जास्त ऐकू आली. अण्णांनी पोथी मिटली. आत आले, कवळी काढून तांब्यात टाकली आणि अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले.

भिंत पातळ होती, मघाशी सांगितलं ना. उजाडताच रसूलभाई दारात उभे.

"अण्णा, वाचा."

अण्णांनी मान हलवली.

"चूक माजी हाय, अण्णा. ती मला ऐकू दिली न्हाय तर दुरुस्त कशी करू?"

बऱ्याच वेळानं अण्णांनी तांब्यातून कवळी काढली. रसूलभाई पायरीवर डोळे मिटून बसले. अण्णा वाचत होते, दात वाजत होते, आणि रसूलभाई मान हलवत होते, जणू गवयाचं गाणं ऐकतायत. मग मला समजावून सांगितलं. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा वरचे आणि खालचे दात एकमेकाला लागलेले नसतात. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट असते. बोलणं त्या फटीत चालतं. दात भेटायचे ते घास चावताना आणि गिळताना. अण्णांचं माप घेतलं त्या दिवशी ते संकोचून ओठ आवळून बसले होते. कवळीची उंची वाढली, फट संपली. "मी त्येंची लाज मापली, बाई," रसूलभाई म्हणाले. "जबडा मापलाच न्हाय."

त्यांनी खालची कवळी नव्यानं केली. तोपर्यंत आणि त्यानंतरही ते रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसत. पतंगाच्या कागदाला काजळ लावून आणत, अण्णांना तो चावायला देत, जिथे काळा ठिपका जास्त उठे तिथे कानसीनं कणभर घासत. पुन्हा वाचा. पुन्हा कागद. श्रावण संपत आला तेव्हा एका संध्याकाळी अख्खा अध्याय झाला आणि ते म्हणाले, "आज एकबी दात वाजला न्हाय."

अण्णा प्रथमच मोकळं हसले. "आणि कथा कशी वाटली?"

"कथा कुटली ऐकतोय मी? दात ऐकत हुतो की."

दुसऱ्या दिवशी अण्णांना थोडा ताप होता, पोथी झाली नाही. दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज आला, "अण्णा, त्या राजाचं म्होरं काय झालं?"

जैतूनबीबद्दल मला लिहायचंय, आणि तिथेच माझी लेखणी थांबते. ठेंगणी, गोरी, तोंडाळ बाई. नवरा दात करतो म्हणून तिनं बांगड्या सोडल्या नव्हत्या. सणासुदीला माझ्या शाळेतल्या मुली तिच्याकडे ओळीनं बसत. माझ्या हातात बांगड्या भरायच्या नव्हत्या, पण मुलींचं झालं की ती माझाही हात आपल्या हातात घ्यायची, उगीच दाबायची आणि सोडायची. माझा हात तसा कुणी घेत नसे. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही, मीही नाही.

तिचे दात मुलं होता होता गेले होते. मुलं राहिली नव्हती. तिची कवळी रसूलभाईंनी मुंबईहून आल्या आल्या केली होती. ती हसली की ते तिच्याकडे बघत, आणि ती म्हणे, "मला बगतो का दाताला?"

एका थंडीच्या सकाळी बांगड्या भरता भरता तिच्या हातातून बांगडी गळाली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. लकवा. जीव वाचला. उजवा हात गेला, पायावर कशीबशी उभी राहू लागली. जबडा मात्र डावीकडे सरकून तिथेच राहिला. कवळी घातली की दातावर दात येईनात. घास गालात साठे, पाणी ओठातून गळे. मग कवळी ठेवून दिली आणि पेजेवर दिवस निघू लागले.

रसूलभाईंनी दुकान दुपारनंतर उघडायचं ठेवलं. सकाळभर ते तिला समोर बसवून तिची हनुवटी दोन्ही हातांत धरत आणि मधे आणायचा प्रयत्न करत. भिंतीतून मला ऐकू येई. "असं. हिकडं. जरा हिकडं, जैतू. हां, आता धर." आणि तिचं रडणं. कुणी पाहुण्यानं सांगितलं म्हणून त्यांनी तिच्या जबड्याला फडकंही बांधलं. जुनी कवळी ते पुन्हा पुन्हा तिच्या तोंडात बसवत. ज्या माणसानं गावातल्या कुणाच्याही जबड्याला कधी ढकललं नव्हतं, तो हे करत होता. अण्णा एकदा म्हणाले, "मी जाऊन सांगू का त्यांना?" पण गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार? तोंडच त्यांनी दिलेलं.

शेवटी तिनंच सांगितलं. मी तिला खिमट घेऊन गेले होते. रसूलभाईंनी नेहमीप्रमाणे तिची हनुवटी धरली. तिनं चांगल्या हातानं त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळले. आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, "घर सरक गया जी मेरा. अब यहीं है."

रसूलभाई तिच्याकडे बघत राहिले. हनुवटीकडे नाही, डोळ्यांकडे. मग उठले, फडकं सोडवलं, घडी करून ठेवलं आणि दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

दुसऱ्या सकाळी शेगडीवर मेण ठेवल्याचा वास आला. या वेळी त्यांनी बोटं नुसती टेकवली. जबडा जिथे गेला तिथे जाऊ दिला. तो दर वेळी तंतोतंत एकाच ठिकाणी येईना, थोडा इकडेतिकडे फिरे. म्हणून त्यांनी दाढांची टोकं घासून सपाट केली, म्हणजे जबडा जरा घसरला तरी कुठेतरी भेट व्हावी, अडकू नये. लुळ्या बाजूला रबर जाड ठेवलं, म्हणजे पडलेल्या गालाला आधार मिळावा. पितळी जबड्यावर ती कवळी बघणाऱ्याला वाकडीच दिसे. एक गिऱ्हाईक म्हणालंही, "रसूलभाई, ह्ये चुकलंय जणू."

"न्हाय," ते म्हणाले. "ह्ये बरूबर हाय."

कवळी घालून ती पहिल्यांदा जेवली तेव्हा त्यांनी मला बोलावलं होतं. का ते कळलं नाही. बहुतेक त्यांना एकट्याला बघवणार नव्हतं. त्यांनी स्वतः भाकरी केली होती, जाड आणि कडेला करपलेली. तिनं पापुद्रा काढला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. जबडा वाकडा चालत होता, पण दात भेटत होते; मला तो बारीक आवाज ऐकू येत होता. घास गालात राहिला नाही. तिनं गिळला.

रसूलभाईंनी कालवणाची वाटी तिच्याजवळ सरकवली.

"मीठ कमी हाय," जैतूनबी म्हणाली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जेवली. भांडली. डाव्या हातानं मुलींना बांगड्या भरायला शिकली, वेळ लागे पण भरी. मग मानमोडीच्या तापाची ती मोठी साथ आली. घराघरातून माणसं जात होती, उचलायला खांदे मिळत नव्हते. जैतूनबी दोन दिवसांत गेली.

मी आत बायकांमध्ये होते. अंघोळ घालायच्या आधी तिच्या म्हाताऱ्या चुलतीनं कवळी काढली, फडक्यात गुंडाळली आणि दारात उभ्या असलेल्या रसूलभाईंच्या हातात दिली. ते ती घेऊन परसात गेले. पाण्याचा आवाज आला. परत आले तेव्हा कवळी स्वच्छ धुतलेली होती. त्यांनी ती पुन्हा चुलतीच्या पुढे धरली.

"घाला."

"मयताला दात कशाला रं, बाबा? तिला काय आता खायाचं हाय?"

"खायाला न्हाय," ते म्हणाले. "मिटायला."

चुलतीनं कवळी हातात घेतली. मग आत गेली. आम्ही तिचं तोंड पुसलं, कवळी बसवली, हनुवटीखालून फडकं बांधलं. काहीच ओढावं लागलं नाही. तोंड मिटलं, थोडंसं डावीकडे, जसं शेवटची वर्षं मिटत होतं तसंच. गाल भरलेला दिसत होता. आता काहीतरी बोलेल असं वाटत होतं, आणि ते गोड नसेल असंही.

पुढे आजऱ्याला मुलींची नवी शाळा निघाली, तिथे मला बोलावणं आलं. अण्णांना घेऊन मी गेले. निघताना रसूलभाई टांग्यापर्यंत आले, अण्णांना म्हणाले, "तकडं काजू लई. दातानं फोडू नगा." एवढाच निरोप.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. शाळेच्या कामासाठी कोल्हापूरला आले होते. परतायची घाई होती, तरी टांगा शाहूपुरीत थांबवायला लावला. दुकान तसंच होतं. मी पायरी चढले आणि दारातच थांबले.

खुर्चीत एक म्हातारा शेतकरी बसला होता, पटका मांडीवर, डोळे छताकडे. रसूलभाई त्याच्यापुढे वाकलेले. फार थकले होते. टेबलावरचा हात मला दारातूनही कापताना दिसत होता. पण दुसऱ्या हाताची दोन बोटं म्हाताऱ्याच्या हनुवटीवर होती, आणि ती अजिबात हलत नव्हती.

"कुनाकडं ऱ्हातोय थोरला?" ते विचारत होते.

"माज्यापशीच की," म्हातारा मेणातून म्हणाला. "नातू झाला अवंदा."

"काय नाव ठिवलं?"

म्हातारा नाव सांगायला लागला. त्यांना माझी चाहूल लागली असावी. मागे न बघता त्यांनी कापरा हात उचलला आणि एक बोट वर केलं. थांब.

मी थांबले. म्हातारा नाव सांगून गप्प झाला, कुठेतरी दूर बघू लागला. दुकानात आवाज नव्हता. बाहेर टांगेवाल्यानं एकदा हाक मारली, "बाई, गाडी चुकंल!" रसूलभाईंचं बोट अजून वरच होतं. म्हाताऱ्याचे खांदे हळूहळू खाली येत होते. आत्ता कुणी एक शब्द बोललं असतं, तरी सगळं मोडलं असतं.

मी पावलांचा आवाज होऊ न देता पायरी उतरले.